दिवा घालवला की मावशी बोलत नाही

४ ऑगस्ट

प्रिय ताई,

भिंगरी पोहोचली, तिची बॅग पोहोचली, आणि त्या बॅगेत तू कोंबलेला अख्खा संसारही पोहोचला. दहा वर्षांच्या पोरीला इतके टॉवेल कशाला लागतात गं? माझ्या घरात टॉवेल नसतात असं तुला कोणी सांगितलं? आणि कान साफ करायच्या काड्यांचा तो केवढा मोठा डबा! एवढ्यात अख्ख्या शाळेचे कान साफ होतील.

फोन करणार होते, पण तुमच्या वखारीत फोन करायचा म्हणजे मी बोलायचं आणि तू करवतीच्या वर आवाज चढवून "काय? काय?" करायचं. त्यापेक्षा पत्र बरं. मला ओरडावं लागत नाही आणि तुला हातातलं लाकूड खाली ठेवावं लागत नाही.

तुझी लेक गुणी आहे. पानात टाकत नाही, चपला जागेवर ठेवते, नव्या शाळेत जाताना रडलीसुद्धा नाही. फक्त माझ्याशी बोलत नाही. मी स्वयंपाकघरातून "भिंगरी, दूध गार होतंय" म्हणते, आणि ती खिडकीत बसून चित्र काढत राहते. पुन्हा म्हणते, तरी तेच. शेवटी जाऊन खांद्यावर हात ठेवला की दचकते आणि मग असं गोड हसते की रागावायचंही राहून जातं.

बरं, अबोल आहे म्हणावं तर तेही नाही. सकाळी जिन्यात दूधवाल्याने आरोळी ठोकली की धावत जाते आणि त्याच्याशी पाच मिनिटं गप्पा हाणते. पावाच्या दुकानातली ती भांडकुदळ बाई, जिच्या पुढ्यात मला नीट "ब्रेड" म्हणता येत नाही, ती तर हिची जिवाभावाची सखी झाली आहे. राहता राहिली मी. माझ्याकडेच तेवढा कानाडोळा.

आपलं ठरलंय ते माझ्या लक्षात आहे. तुमच्याकडची शाळा चौथीत संपली, म्हणून सप्टेंबरच्या सुट्टीपर्यंत तिने इथे राहून बघायचं. रुळली तर माझ्याकडे, नाही तर ते वसतिगृह. ताई, स्पष्टच लिहिते, मला ती हवी आहे. आतल्या खोलीतली पुस्तकं हलवून मी तिथे पिवळा रंग लावून घेतला. एवढी वर्षं त्या खोलीत फक्त कपाटं राहत होती. तिला मी आवडले नाही तर काय करायचं ते मला माहीत नाही.

तुझी,
माऊ


१० ऑगस्ट

माझी गरीब माऊ,

तुझं पत्र वाचून तुझे भावजी आणि मी इतके हसलो की आम्हाला गदागदा हलताना बघून करवतीवरच्या मिस्त्रींनी यंत्र बंद केलं. त्यांना वाटलं, काहीतरी मोडलं.

अगं, पोरीचं काय चुकलं? तू बोलतेस ते बोलणं असतं का? लहानपणी तू पलीकडच्या खाटेवरून मला गोष्टी सांगायचीस, आणि मला वाटायचं खिडकीतून वारा येतोय. त्यात तू ग्रंथालयात नोकरी धरलीस. म्हणजे आधीच मुकी आणि त्यात शांततेचा पगार. तिथे दिवसभर कुजबुजायचं आणि घरी येऊन पुस्तकात मान घालून हाका मारायच्या. दूधवाला बघ कसा माणसासारखा ओरडतो.

आमच्याकडे ही पोरगी एका हाकेत हजर असते. हाक कशाला, नुसती मान वर केली तरी येते. तू वखारीत फार आली नाहीस म्हणून सांगते. करवत चालू असली की इथे तोंडाने कुणी बोलत नाही. दोन बोटं दाखवली की चहा, मूठ दाखवली की यंत्र बंद, कोपराला हात लावला की लाकूड फिरव. बाकीचं ओठांवरून कळतं. भिंगरी चालायला लागली तेव्हापासून हे शिकली आहे. मिस्त्री म्हणतात, तिच्याइतकं चलाख पोर वखारीत दुसरं नाही. ते "जेवलीस का?" म्हणायच्या आत ही "हो" म्हणून मोकळी.

कानाच्या काड्यांना हसू नकोस. इथे सगळीकडे भुसा उडतो. सकाळी दारातल्या बरणीतून कापूस घ्यायचा, बोळे करून कानात घालायचे आणि संध्याकाळी ते काढून काडी फिरवायची, हा आमच्याकडचा नेम. पोरगीही दिवसभर आमच्या पायात घुटमळायची, म्हणून तिलाही घालायचे. आता कापूस नको, पण काडी मात्र रोज रात्री फिरव हं. तिला सवय आहे. आणि नीट आतपर्यंत फिरव, तुझ्यासारखी धूळ झटकल्यागत नको.

आणि पोटातून बोलायला शीक. आरशासमोर उभी राहा आणि "आग लागली" म्हणून सराव कर.

ती तुला आवडून घेईल गं. तुला न आवडून घेणारं माणूस मी अजून पाहिलं नाही.

तुझी,
ताई (मोठ्याने)


१८ ऑगस्ट

प्रिय ताई,

तुझा सल्ला मानला. फळ भोगते आहे.

स्वयंपाकघराचं दार लावून रोज सकाळी पोटातून बोलण्याचा सराव केला. तिसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरचे काका खाली आले. घरात काही भांडण आहे का, म्हणून विचारत होते. मी एकटीच होते हे पाहून त्यांना जास्तच काळजी वाटली.

मग तो आवाज माझ्याबरोबर ग्रंथालयातही आला. वाचनकक्षात दोन मुलं खिदळत होती. मी नेहमीसारखं "शांत बसा" म्हणायला गेले आणि तोंडातून निघाली थेट तुमची वखार. कोपऱ्यात रोज पेंगणाऱ्या आजोबांचा चष्मा खाली पडला. सगळ्यांनी वळून पाहिलं. आमचे प्रमुख केबिनमधून बाहेर आले आणि म्हणाले, "बाई, बरं वाटत नसेल तर घरी जा."

एवढं करून भिंगरीवर परिणाम शून्य. कधी ऐकते, कधी नाही. टीव्हीचा आवाज इतका मोठा करते की काका आता तेवढ्यासाठीही येतात. शाळेच्या बाईंनी वहीत लिहून पाठवलं आहे की मुलगी हुशार आहे पण लक्ष देत नाही, हट्टी वाटते. फळ्याकडे तोंड करून त्या काही सांगत असतील तर ही सरळ शेजारणीच्या वहीत डोकावते. मी विचारलं तर म्हणाली, "बाई फळ्याशीच बोलतात, आमच्याशी नाही." अशी उत्तरं! कुणावर गेली आहे ते मी लिहीत नाही.

आता मनाला लागलेली गोष्ट सांगते. रोज झोपताना मी तिला गोष्ट सांगते. दिवा घालवायचा, तिच्या शेजारी पडायचं आणि सांगायची. काल एका अस्वलाची सांगितली, मी स्वतः रचलेली, चांगली लांबलचक. सकाळी ती म्हणते कशी, "मावशी, तू दिवा घालवलास की बोलतच का नाहीस?" अख्खं अस्वल वाया! माझी गोष्ट कंटाळवाणी आहे हे सांगायची ही काय तऱ्हा झाली? मी हसून घेतलं, पण ग्रंथालयात जाऊन जरा रडले.

एकच वेळ चांगली जाते. रात्री ती आपण होऊन काड्यांचा डबा घेऊन येते आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवते. आधी उजवा कान, मग डावा. डोळे मिटून पडून राहते. तेवढा वेळ ती माझी असते. तुझ्या सांगण्याप्रमाणे मी नीट आतपर्यंत फिरवते, आणि खरं सांगू, जरा जास्तच वेळ लावते.

तुझी,
माऊ


२२ ऑगस्ट

माऊ,

आज थट्टा नाही.

अस्वलाचं वाचलं आणि लगेच लिहायला बसले. अगं वेडे, ती तुला टोचून बोलली नाही. तिला खरंच तसं वाटतं. दिवा घालवला की तिला तुझे ओठ दिसत नाहीत! बाई फळ्याकडे वळल्या की त्यांचेही दिसत नाहीत. आमचे मिस्त्री असेच करतात. त्यांना गेली कित्येक वर्षं ऐकू येत नाही, आणि अंधार पडला की ते गप्पांतून उठून जातात.

आमच्याकडे सगळे हातांनीच बोलतात, मग आम्हाला कळणार कसं? एका हाकेत येते म्हणून मी तुझ्याकडे फुशारकी मारली. हाक मी कधी मारली होती? ती माझ्याकडे बघत असायची, एवढंच.

तिच्या मागे उभी राहा आणि बोलून बघ. काही आपटू नकोस, जमीन हादरली की तिला पायातून कळतं. नुसतं बोल. आणि लगेच डॉक्टरकडे जा.

यंत्राने तिचे कान गेले असतील का गं? मी तिला पाळण्यात असल्यापासून त्या आवाजात ठेवली. हे म्हणतात, आधी डॉक्टर काय म्हणतात ते बघू. पण काल ते स्वतः जेवले नाहीत.

शेजारीण सांगते, लसणीचं तेल गरम करून घाल. मिस्त्री म्हणतात, केसांच्या पिनेने एकदा चांगलं खरवडून काढ, मोकळा होईल. तू बघ काय ते. पण लवकर.

ताई


२७ ऑगस्ट

प्रिय ताई,

आधी बसून घे आणि पाणी पी. बातमी वाईट नाही. चांगली आहे की नाही ते अजून कळायचं आहे.

तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी मी तिच्या मागे उभी राहिले आणि माझ्या नेहमीच्या आवाजात म्हटलं, "भिंगरी, चॉकलेटचं बिस्किट हवं?" ती चित्र रंगवत राहिली. पुन्हा म्हटलं. काही नाही. ताई, मी हिला आता जरा ओळखते. चॉकलेटच्या बिस्किटाला न हलणारी भिंगरी जगात नाही. महिनाभर मी रुसून बसले होते आणि पोरीला ऐकूच येत नव्हतं.

कानाच्या डॉक्टर बाई आहेत, कपाळावर दिवा लावतात. लहानखुऱ्या, आणि जीभ तुझ्याहून धारदार. भिंगरीच्या उजव्या कानात पाहिलं, डाव्या कानात पाहिलं, मग मला म्हणाल्या, "यात पडदा कुठे आहे? मला तर बूच दिसतंय." दोन्ही कानांत मळ घट्ट बसला आहे, तपकिरी, वाळलेला, आणि उजवीकडे त्यात कापसाचे धागे. विचारलं, "कानात काय काय घालता?"

मी कापसाच्या बोळ्यांचं सांगितलं. काड्यांचं सांगितलं. भिंगरीने मोठ्या अभिमानाने डब्याचं वर्णन करून दाखवलं, हात इतके लांब करून. डॉक्टरबाईंनी कपाळावरचा दिवा विझवला आणि माझ्याकडे बघितलं. "म्हणजे आईने सकाळी ठासायचं आणि मावशीने रात्री ठासायचं. तोफ भरता का पोरीची?"

मग समजावलं. तो मळ म्हणजे घाण नाही म्हणे. कान आपल्या रक्षणासाठीच तो तयार करतो, धूळ अडवतो, आणि बोलता-खाताना जबडा हलतो तसा तो हळूहळू आपोआप बाहेर येतो. बाहेर आलेला ओल्या फडक्याने पुसायचा, बास. काडी घातली की बाहेर निघालेला पाहुणा आपण पुन्हा आत ढकलतो. रोज ढकलला की त्याचं बूच होतं. कुणाकुणाच्या कानात मुळातच जास्त होतो, त्यात कापूस म्हणजे कहरच.

मी लसणीच्या तेलाचं विचारलं. पिनेचंही विचारलं, मिस्त्रींचं नाव न घेता. त्यांनी भिंगरीला विचारलं, "बाळ, घरी तुझ्याशी सगळे नीट वागतात ना?"

आता थेंब दिले आहेत. रोज घालायचे, मळ मऊ होऊ द्यायचा, मग त्या स्वतः कोमट पाण्याने धुऊन काढतील. थेंबांनी तो आधी फुगेल, तेव्हा दोन-चार दिवस आणखीच कमी ऐकू येईल, घाबरायचं नाही. कान दुखला किंवा वाहिला तर मात्र लगेच यायचं. यंत्राचंही विचारलं, ताई. त्या म्हणाल्या, आधी बूच काढू, मग ऐकण्याची तपासणी करू, आत्ता खोटा धीर देणार नाही.

काड्यांचा डबा मी कचऱ्यात टाकला. रात्री भिंगरी तो शोधत होती.

तुझी,
माऊ


२ सप्टेंबर

तोफखान्याच्या कारभारणी,

तुझं पत्र मी यंत्राजवळ उभी राहून वाचलं, मग यांना वाचून दाखवलं, मग मिस्त्रींना खुणांनी सांगितलं. पिनेचं कळल्यावर त्यांनी तासभर माझ्याकडे बघितलंच नाही. आता स्वतःच्याच कानाची तपासणी करायची म्हणतात.

दारातली कापसाची बरणी रिकामी केली. यांनी कानांवर बसणारी ती मोठी टोपणं आणली आहेत, सगळ्यांना, बाहेरून लावायची. ती घातली की हे अगदी विमान चालवायला निघाल्यासारखे दिसतात. पोरं आता यंत्राच्या खोलीत येणार नाहीत, हे मी मोठ्याने सांगितलं आणि खुणेनेही.

थोडं बरं वाटलं, पूर्ण नाही. रात्री आडवी झाले की ती पाळण्यात दिसते आणि मागे करवत.

आणखी एक सांगते, हसू नकोस. तुझं पहिलं पत्र आलं, ती तुझ्याशी बोलत नाही म्हणून, तेव्हा मी हसले ते खरं. पण आतून जरा सुखावले होते. वाटलं, माझ्यावाचून तिचं अडतंय. आई झालीस की कळेल म्हणणार होते, पण या महिन्यात तुला कळलंच आहे.

सुट्टीला मी तिला न्यायला येते. पुढचं ती म्हणेल तसं. तू तिला काही शिकवून पाठवायचं नाहीस, मीही इथे तिचे कान भरणार नाही. एवीतेवी भरून झालेच आहेत.

तुझी,
ताई


११ सप्टेंबर

प्रिय ताई,

निघालं! दोन्ही बाजूंचं! आणि तपासणी झाली. तिला सगळं ऐकू येतं. अगदी सगळं, बारीकसारीक, तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त. यंत्राने काही केलेलं नाही. आता रात्री नीट झोप.

पण मधल्या दिवसांचं सांगायला हवं. थेंब घातल्यावर ती खरंच ठार बहिरी झाली. दूधवालासुद्धा हरला. मग तिने मला तुमची भाषा शिकवायला घेतली. दोन बोटं म्हणजे चहा, मूठ म्हणजे बंद. कोपराला हात लावला की पोळीसुद्धा उलटते, हे मला नव्याने कळलं. ताई, तो आठवडा फार मजेत गेला. आम्ही घरभर हातवारे करत फिरत होतो. ग्रंथालयातही आली होती. बोलायचंच नाही म्हटल्यावर आमचे प्रमुख तिच्यावर इतके खूश झाले की तिला पुस्तकांवर शिक्के मारायला दिले.

धुवायच्या दिवशी मीच जास्त घाबरले होते. कानाखाली वाटीसारखं भांडं धरायला मला दिलं आणि माझे डोळे असे भरून आले की डॉक्टरबाई म्हणाल्या, "मावशी, पाणी कानातून यायचंय, तुमच्या डोळ्यांतून नाही." कोमट पाण्याची पिचकारी, एकदा, दोनदा, आणि बदकन बूच भांड्यात. भिंगरीने ते घरी न्यायला मागितलं. मी नाही म्हटलं. तू हो म्हणाली असतीस.

मग ती इकडेतिकडे वळून बघायला लागली. म्हणाली, "कागद कोण चुरगाळतंय?" कुणीच नाही. तिच्या फ्रॉकची कॉलर होती, मान हलवली की वाजायची. घरी येताना वाटेत सारखी थांबत होती. "मावशी, माझे बूट असे बोलतात?" "मावशी, तुझ्या पिशवीत किल्ल्या आहेत?" घरी आल्यावर नळापाशी उभी राहून पाणी ऐकत राहिली. मी सवयीने पोटातून ओरडले, "भिंगरी, हात धू!" तर दोन्ही कानांवर हात ठेवून म्हणाली, "ओरडतेस काय गं? मी काय वखारीत आहे?" एवढे दिवस घसा फोडून कमावलेला आवाज, एका वाक्यात मातीमोल.

रात्री डबा नव्हता. मला वाटलं, आता मांडीही गेली. तर आली, डोकं ठेवलं, आणि म्हणाली, "काडी नको, नुसता हात ठेव." मग दिवा घालवून अस्वलाची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. माझ्या खऱ्या आवाजात. मध्येच थांबले तर म्हणाली, "मग?"

मी काही शिकवलं नाही, शपथ. तू सांगितलंस तसं तिच्यावर सोडलं आहे. पण ती तिकडे राहिली तर मला दोन ओळींत कळव, फार लांबवू नकोस.

तुझी,
माऊ


२६ सप्टेंबर

प्रिय माऊ,

तुझी भाची म्हणजे एक संकट झाली आहे. आल्या दिवसापासून आम्हाला घरात धड बोलू देत नाही. यांनी जेवताना मीठ मागितलं तर म्हणते, "बाबा, आम्ही इथेच बसलोय." यंत्राच्या खोलीच्या दाराला खडूने लिहिलंय, "शांतता राखा", आणि खाली तुझ्या ग्रंथालयासारखी तोंडावर बोट ठेवलेली बाई काढली आहे. ती हुबेहूब तू आहेस. मिस्त्री रोज तिला नमस्कार करून आत जातात.

मिस्त्रींच्या कानांची तपासणी करून आणली. मळ निघाला बराच, पण ऐकू येणं काही परत आलं नाही. यंत्रानेच गेलंय, असं डॉक्टर म्हणाले. ते खुणेने म्हणाले, चालायचंच, पण ती टोपणं आता सगळ्यांच्या आधी तेच घालतात.

ठरल्याप्रमाणे मी पोरीला एका शब्दाने विचारलं नाही. जिभेला गाठ मारून बसले होते. काल झोपायच्या वेळी ती माझ्या अंथरुणात शिरली आणि म्हणाली, आई, गोष्ट सांग. मी सुरू केली, तर म्हणाली, "आधी दिवा घालव. मावशी दिवा घालवूनच सांगते." घालवला. मी सांगायला लागले, तर म्हणाली, हळू सांग. अगं, मला हळू येतच नाही! कसंबसं तुझ्यासारखं वारा-वारा बोलून गोष्ट संपवली.

मग ती माझ्या गळ्यात हात टाकून कानाशी काहीतरी कुजबुजली. तिचा श्वास मला गालावर लागत होता. पण माऊ, मला शब्द एक कळला नाही. "काय?" म्हटलं. ती पुन्हा कुजबुजली. नुसता श्वास. तिसऱ्यांदा विचारायची मला लाज वाटली.

मी उठून दिवा लावला. ती माझ्याकडे बघत राहिली. मग उठून बसली, माझ्या बरोबर समोर आली, आणि एकेक शब्द ओठांनी नीट सुटा करून म्हणाली, "मला मावशीकडे राहायचंय. पण तू रडायचं नाहीस." आवाज काढला की नाही देव जाणे. कळलं मात्र सगळं.

रडले नाही. तिला झोप लागेपर्यंत तरी.

सोमवारी तिला घेऊन येते. टॉवेल आणत नाही, काड्या आणत नाही. त्या दिवेवाल्या बाईंकडे माझा नंबर लावून ठेव. माझ्याही कानात बूचच निघावं असं म्हणते आहे, निघालं तर तुला दाखवायला घरी आणीन. नाही निघालं तरी घाबरू नकोस, मला ओठ वाचायची सवय आहे.

फक्त गाडीवर घ्यायला येशील तेव्हा पुस्तकात मान घालून बोलू नकोस. समोर उभी राहा.

तुझी,
ताई